हद्दीबाहेरचा मार

मी निवृत्त झाले त्या दिवशी ठाण्याच्या आवारात छोटा मांडव घातला होता. बाईला फेटा बांधायचा की नाही, यावर आधी अर्धा तास खल झाला. शेवटी मीच म्हटलं, बांधा, डोकं मलाही आहे. मग एक पुढारी बोलायला उभे राहिले. म्हणाले, "साळवे बाईंनी आपल्या सेवेत किती मोडते संसार जोडले, त्याला गणती नाही." टाळ्या झाल्या. मला दोन शब्द बोलायला सांगितलं, तेव्हा मी फेटा सावरत माईक हातात घेतला आणि म्हटलं, "पाहुण्यांना कुणीतरी चुकीची माहिती दिलेली आहे. संसार जोडणं हे पोलिसाचं कामच नाही. मी गुन्हे दाखल केले. चुलीजवळच्या माराचे गुन्हे. जेवढे करता आले तेवढे केले, आणि कमी पडले याचंच वाईट वाटतं."

टाळ्या काही वाजल्या नाहीत. भज्यांच्या प्लेटा मात्र लगेच आल्या.

त्या दिवशी माईक हातातून काढून घेतला, म्हणून उरलेलं इथं लिहिते. दिवाळी अंकाच्या संपादकांनी "गोड आठवणी लिहा" असं सांगितलं होतं. गोड काही निघालं तर बघू.

ज्यांचा पोलीस ठाण्याशी संबंध आलेला नाही, त्यांच्यासाठी आधी थोडं सांगते. भारतीय दंड संहितेत चारशे अठ्ठ्याण्णव अ नावाचं कलम होतं. नवऱ्यानं किंवा त्याच्या घरच्यांनी बाईचा छळ केला, तर तीन वर्षांपर्यंत कैद. गुन्हा दखलपात्र, म्हणजे पोलिसांनी कोर्टाची परवानगी न मागता नोंदवायचा आणि तपास करायचा. अजामीनपात्र, म्हणजे आरोपीला ठाण्यातूनच "जा घरी" म्हणून सोडायचं नाही. हे कलम त्र्याऐंशी साली दिल्लीत आलं. नगर जिल्ह्याच्या पूर्वेला, आमच्या कोरड्या तालुक्यातल्या ठाण्यात पोचायला त्याला आणखी दहा वर्षं लागली. एस.टी.नं आलं असतं तरी लवकर आलं असतं.

तोवर आमच्याकडे काय चालायचं? बाई रडत यायची. तिला बाकावर बसवायचं. मग एन.सी. लिहायची, म्हणजे अदखलपात्र नोंद. मामुली भांडण, पोलीस तपास करणार नाहीत, हवं तर कोर्टात जा, असा तिचा अर्थ. तो कागद हातात धरून बाई परत त्याच घरी जायची. नाहीतर तडजोड. दोन्हीकडचे पाहुणे आवारातल्या लिंबाखाली बसायचे, पोलीस पाटील मधे, सासरचे नवी साडी-चोळी आणायचे, नवरा मान खाली घालून "पुन्हा असं व्हनार न्हाई" म्हणायचा आणि बाईला नांदायला धाडायचं. वर आमच्यातलाच कुणीतरी म्हणायचा, "झालं, एक संसार वाचला." त्या साड्या नेसून गेलेल्या बायांपैकी काही पुन्हा आल्या, काही आल्या नाहीत. ज्या आल्या नाहीत, त्या सुखात होत्या असं धरून चालायचा ठाण्याचा रिवाज होता. मला तो कधीच पटला नाही, अजूनही पटत नाही.

आता मी कोण, तेही सांगून टाकते, कारण त्या काळात प्रत्येक जण ते विचारायचाच. बाप रेल्वेच्या रुळांवर मजूर, आई दुसऱ्यांच्या शेतात. घरात देव नव्हते. भिंतीवर एकच फोटो होता, कोट घातलेल्या, चष्मा लावलेल्या माणसाचा. लहानपणी आई त्या फोटोकडे बोट करून म्हणायची, "ह्यांनी कायदा लिवलाय. तू निदान वाचायला शिक." मी शिकले. पोलिसात लागले. खाकी साडीतून खाकी पँटीत आले, शिपायाची हवालदार झाले. त्या भागात बाई पोलीस म्हणजे बाया आरोपींची झडती घ्यायला आणि यात्रेत बायांच्या रांगेला उभं करायला. लिहिण्याच्या टेबलावर बसवायला नाही.

गिऱ्हाइकं तऱ्हेतऱ्हेची यायची. एक म्हातारी तर नातवाला कडेवर घेऊन आली होती. मला वाटलं, सुनेची तक्रार घेऊन आली असेल. तर म्हणाली, "माझा म्हातारा मारतोय." मी विचारलं, "कधीपासून?" म्हणाली, "लगीन झाल्यापासून. पन आता जावई आले, नातवंडं आली, आता बरं दिसत न्हाई. तेवढं बंद कर म्हनावं." चाळीस वर्षांचा मार तिला चालला होता, जावयापुढचा चालत नव्हता. मी कलम वाचून बघितलं. त्यात वयाची अट कुठंच नव्हती. म्हाताऱ्याला बोलावलं, समोर उभं केलं आणि ते कलम मोठ्यानं वाचून दाखवलं. तो म्हणाला, "ह्ये कवा निघालं?" म्हटलं, "निघून झाली दहा वर्षं, तुम्हालाच उशिरा कळलं." म्हातारीनं त्या दिवशी फिर्याद दिली नाही. पण जाताना त्याला म्हणाली, "ऐकलं का? लिवलेलं हाय." पुढं बाजारात दिसली की लांबूनच हात हलवून "बंद हाय" म्हणून सांगायची.

पण मला सांगायचंय ते द्वारकाचं.

आमचा भाग अवर्षणाचा. दसरा झाला की गावं ओस पडतात आणि माणसं ऊस तोडायला उत्तरेकडे साखर कारखान्यांवर जातात. तिथं माणसं मोजत नाहीत, कोयते मोजतात. नवरा-बायको मिळून एक कोयता. तो ऊस तोडणार, ती मोळी बांधणार, डोक्यावरून नेऊन गाडीत चढवणार. टोळी जमवणारा मुकादम हंगामाच्या आधी जोडप्याला उचल देतो, ती पूर्ण कोयत्याची. एकटं माणूस म्हणजे अर्धा कोयता. विधवा बाई, टाकलेली बाई, ही सगळी अर्धी. मुकादम त्यांना शक्यतो घेत नाही, घेतलंच तर उपकार म्हणून. "अर्धा कोयता" हा शब्द आमच्याकडे बाईला तोंडावर म्हणतात, आणि म्हणणाऱ्याला त्यात काही वावगं वाटत नाही.

शिमग्याच्या यात्रेचा बंदोबस्त लागला होता. फौजदार साहेबांसकट सगळं ठाणं यात्रेला गेलेलं. मागं टेबलावर बसायला पुरुष माणूस उरला नाही, म्हणून त्या दिवसापुरती मी ठाणे अंमलदार. म्हणजे येईल त्याची फिर्याद लिहून घ्यायचा अधिकार माझ्याकडे. साहेब जाताना बजावून गेले होते, "काही मोठं आलं तर थांबवून ठेवा."

सकाळीच दोन बाया आल्या. एक पंचविशीची, उजवा हात पदराखाली धरलेला. ती द्वारका. दुसरी तिच्याहून दहा-बारा वर्षांनी मोठी, कपाळ मोकळं, आवाज खणखणीत. ती हौसा. दोघी एकाच टोळीतल्या, कारखान्यावर त्यांच्या कोप्या शेजारी-शेजारी. कोपी म्हणजे बांबू आणि उसाच्या पाचटाची खोपट. हौसा विधवा, त्या टोळीतला एकमेव अर्धा कोयता.

मी विचारलं, "काय झालं?"

द्वारकानं पदराखालून हात काढला. मनगटाच्या वर हाड मोडून तसंच वाकडं जुळून आलं होतं. कुणी फळी बांधली नव्हती की प्लास्टर घातलं नव्हतं.

हौसा म्हणाली, "हिच्या मालकानं कोयत्याचा दांडा घातला. मोळी सुटली म्हनून. तशा हातानं ही आनखी मोळ्या बांधीत हुती. म्या म्हनलं, चल, मरशील हितं."

"मग तिकडच्या ठाण्यात नाही गेलात?"

"गेल्तो की. त्ये म्हनले, गाव कोनचं? तुमच्या तिकडं जा. परवा हिकडं आलो, तर तुमचे हवालदार म्हनले, मार कुठं बसला? कारखान्यावर? ती आमची हद्द न्हाई, तिकडं जा." हौसानं द्वारकाचा हात उचलून माझ्या टेबलावर ठेवला. "आता बाई, ह्या हाताला इचारायचं का, तू कुनाच्या हद्दीत मोडलास म्हनून?"

पोलिसाच्या नोकरीत हद्द ही फार सोयीची गोष्ट असते. प्रेत ओढ्याच्या अलीकडे की पलीकडे, यावर दोन ठाण्यांचे शहाणे लोक सकाळपासून दुपारपर्यंत भांडलेले मी पाहिलेत. ऊसतोडीच्या बाईच्या बाबतीत तर ती फारच सोयीची, कारण ती वर्षातले सहा महिने इथली नसते आणि उरलेले सहा महिने तिथली नसते. तिचा मार कायम दुसऱ्याच्याच हद्दीत पडतो.

मी द्वारकाला विचारलं, "कारखान्यावरचं राहू दे. घरी, गावात असताना मारलं का कधी?"

तिनं हौसाकडे बघितलं. मी काहीतरी खुळ्यासारखं विचारलंय असा तिचा चेहरा होता.

"घरी? घरी तर मारतोच की."

"कधी?"

"पावसाळाभर. तवा काम नसतंय, तवा जास्ती. सासूबी मारती."

"मग हे परवा हवालदाराला का नाही सांगितलंस?"

"त्यांनी इचारलं न्हाई. आन् त्यात काय सांगायचं?"

एवढंच होतं. छळ दोन ठिकाणी चालू राहिला, तर दोन्हीपैकी कुठल्याही ठिकाणच्या पोलिसांनी गुन्हा घ्यायचा, असं कायदाच सांगतो. गाव तर आमच्याच हद्दीतलं. दोन्ही ठाण्यांतल्या एकानंही तिला घरचं विचारलं नव्हतं. ते विचारायची गोष्ट आहे असं त्यांना वाटलं नव्हतं, आणि सांगायची गोष्ट आहे असं तिला वाटलं नव्हतं. मला तेव्हा इतका संताप आला की पेनाचं टोपण हातात मोडलं.

मी कोरा कागद घेतला. "नाव सांग. नवऱ्याचं नाव सांग."

स्वतःचं तेवढं सांगितलं. बायको नवऱ्याचं नाव घेत नाही. हौसा म्हणाली, "म्या सांगते की."

"तू नको. फिर्यादी ही आहे. आरोपीचं नाव हिनंच घ्यायचं."

"बाई, पाप लागंल मला."

"दांडा घातला तेव्हा त्याला लागलं का?"

तिनं डोक्यावरचा पदर सारखा केला. हळदी-कुंकवाला उखाण्यात नाव घेताना बाया लाजून हसतात, तसलं काही तिच्या तोंडावर नव्हतं. मग ती म्हणाली, "बबन." आणि पुन्हा एकदा, जरा मोठ्यानं, "बबन." तिसऱ्यांदा तर मी विचारलंही नव्हतं. त्यानंतर फिर्याद लिहायला अडचण आली नाही, मलाच लिहिताना हात थांबवावा लागत होता.

गुन्ह्याला नंबर टाकला. तिला मेडिकल यादी दिली, म्हणजे सरकारी डॉक्टरकडे तपासणीला पाठवायची पोलिसांची चिठ्ठी. सोबत हौसाला धाडलं. आणि पहिल्या खबरीची प्रत त्याच दिवशी शिपायाबरोबर कोर्टात रवाना केली. हे मी मुद्दाम केलं. एन.सी. कितीही वेळ टेबलावर लोळते. कोर्टात प्रत गेलेला गुन्हा ठाण्याला मिटवता येत नाही.

साहेब यात्रेहून आले ते गुलालानं माखलेले होते. नोंद वाचून ते मूळ रंगापेक्षा जास्त लाल झाले.

"साळवे बाई, काही मोठं आलं तर थांबवा म्हणालो होतो ना?"

"साहेब, बायकोला मारलं म्हणजे मोठं, असं आपल्या ठाण्यात कुणीच कधी म्हणालं नाही. म्हणून थांबवलं नाही."

"एन.सी. करून टाका."

"नंबर पडलाय. प्रत कोर्टात गेलीय."

ते खुर्चीत बसले. "तुम्हाला लोकांची घरं मोडायची हौस आहे का?"

मी म्हटलं, "हात मोडला तेव्हा घर शाबूत होतं का साहेब?"

यावर त्यांनी उत्तर म्हणून बंदोबस्त दिला. पुढच्या वर्षभरात जिल्ह्यातली एक यात्रा, एक सभा, एक मोर्चा माझ्याशिवाय पार पडला नाही. राहात्याच्या चौकात उन्हात उभी राहून मी इतकं ट्रॅफिक हाकलंय की तिथल्या भाजीवाल्या मला नावानं ओळखायला लागल्या.

द्वारकाचा प्रश्न मात्र उभाच होता. माहेरी भाऊ म्हणाला, दिल्या घरी नांद. सासरचं दार तिनं स्वतःच लावून घेतलं होतं. ती हौसाच्या एका खोलीत राहिली. तिच्याकडे जो तो जाऊन सांगायचा, केस मागं घे, अर्ध्या कोयत्याचं आयुष्य काय असतं ते हौसाकडे बघून कळत नाही का? आणि खरंच, तिनं ती फिर्याद मागं घेतली असती तर तिला थांबवायला माझ्याकडे काय होतं? मी फक्त कलम वाचून दाखवू शकत होते. भाकरी तिलाच कमवायची होती, एका वाकड्या हातानं.

आणि फिर्यादीनंतर थोड्याच दिवसांनी तिचा मुकादम, रंगनाथ, स्वतःच ठाण्यात आला. पांढरं धोतर, कानात भिकबाळी, एकदम तालेवार. साहेब नव्हते म्हणून माझ्यासमोर बसला. आधी म्हणाला, "बाई, तुमी कोन लोकांच्या?"

म्हटलं, "फिर्याद लिहून घेणाऱ्या लोकांतली. बोला."

"न्हाई, तसं न्हाई. माझं येवढंच म्हननं हाय, हंगामाचं थोडं दिस राहिल्यात. कोयता मोडून पडलाय माझा. ती बाई हंगाम हुईस्तवर द्या, मग काय ती केस करा. मी आडवा येनार न्हाई."

मला हसावं की उठून उभं राहावं ते कळेना. तो गंभीर होता. दुकानातून उसनं माप मागावं तशी तो बाई मागत होता.

मी म्हटलं, "एवढी काय ती कामाची?"

मुकादमाचा चेहरा फुलला. "लई कामाची! तशी मोळी बांधनारी माझ्या टोळीत दुसरी न्हाई. बबन्या आळशी, त्याचं काम ही वढायची. आवो, हात मोडल्यावर बी मोळ्या बांधल्या तिनं. रडली न्हाई का पडून राहिली न्हाई."

"हात कशानं मोडला म्हणे?"

"दांडा घातला की बबन्यानं. मी तितंच हुतो."

तो हे लपवत नव्हता, कारण लपवण्यासारखं काही आहे असं त्याला वाटतच नव्हतं. तो बैलाची तारीफ करत होता.

मी शिपायाला चहा सांगितला. "मुकादम, बसा सावकाश. मला ऊसतोडीतलं काही कळत नाही. हे सगळं पहिल्यापासून सांगा." त्यानं सांगितलं आणि मी लिहीत गेले. शेवटी म्हणाला, "मग बाई कवा धाडता?" म्हटलं, "बाई नाही मिळणार. पण बबनला न्यायला आम्हीच उद्या तिकडं येतोय."

तो कपाळावर हात मारून म्हणाला, "म्हंजे आता पुराच कोयता गेला की माझा!"

बबनला अटक झाली, जामीन झाला, दोषारोपपत्र गेलं, आणि मग सगळ्या केसेसचं होतं तेच झालं. तारखा पडल्या. घरातल्या माराला साक्षीदार नसतो, ही या कलमाची मोठी अडचण. इथं तर भिंतसुद्धा नव्हती, कोपीतला मार टोळीनं पाचटाआडून ऐकलेला होता आणि दांडा तर उघड्या फडात बघितलेला होता. तरी कोर्टात एकेक जण यायचा, बबनकडे बघायचा आणि म्हणायचा, "मी झोपलो हुतो." ऊसतोडीची टोळी एवढी झोपते हे मला कोर्टातच कळलं. असा साक्षीदार उलटला की त्याला फितूर म्हणतात. आमचे सगळे फितूर झाले. एक हौसा तेवढी ठाम उभी राहिली. बचावाच्या वकिलांनी तिला विचारलं, "तुमचा नवरा वारला, म्हणून दुसऱ्याचा संसार बघवत नाही, खरं ना?" हौसा म्हणाली, "बघवत नव्हता म्हनूनच तिला घिऊन आले." कोर्टात हशा झाला, पण एकटी विधवा बाई, तीही फिर्यादीची मैत्रीण. तिच्यावर केस टिकेल याची खात्री कुणालाच नव्हती.

उरला रंगनाथ. पोलिसांनी लिहिलेल्या जबाबाला कोर्टात किंमत नसते, माणसानं पिंजऱ्यात उभं राहून तोंडानं सांगावं लागतं. आणि रंगनाथाला तोवर पढवून झालेलं होतं. मी कोर्टाच्या व्हरांड्यात सरकारी वकिलांना त्या चहाची सगळी हकीकत सांगितली. ते शेवगावकडचे, वयस्कर, बोलायला गरीब. ऐकून म्हणाले, "मुकादमाला मारहाणीचं खोदून विचारायचंच नाही म्हणजे." आणि आत गेले.

"मुकादम, द्वारकाबाईला मारहाण झालेली पाहिली?"

"न्हाई. मला काय म्हाईत न्हाई."

"बरं, ते राहू द्या. तुमची टोळी कशी होती त्या वर्षी?"

"एक नंबर! कारखान्यावर इचारा कुनाला बी."

"पण ही बाई हंगाम सोडून पळाली. कामचुकार असणार."

"कामचुकार?" रंगनाथाला ते सहन होईना. त्याच्या टोळीचा अपमान होता. "सायेब, मोडक्या हातानं मोळ्या बांधल्यात तिनं! हाय का अशी दुसरी?"

"मोडक्या? पडली असेल कुठं."

"पडतीय कशाला? ह्या बबन्यानं दांडा घातला न्हवं का, फडात, समद्यांम्होरं! तरी ती..."

तो थांबला. बचावाचे वकील उठून उभे राहिले, काहीतरी हरकत घेऊ लागले. न्यायाधीश म्हणाले, "साक्षीदार आपणहून सांगतोय, बसा." आणि टायपिस्टला सांगू लागले. मुकादम पिंजऱ्याच्या कठड्याला धरून इकडेतिकडे बघत होता. खरं सांगते, त्याचा मला रागसुद्धा आला नाही. आपण काय बोललो हे त्याला कळलं होतं, पण त्यात गुन्हा कुठला ते अजूनही कळलेलं नव्हतं.

बबनला शिक्षा झाली. वरच्या कोर्टात ती कमी झाली, भोगली तेवढीच पुरे ठरली. द्वारकाचा हात सरळ झाला नाही, डॉक्टर म्हणाले, आता उशीर झालाय. दोन ठाण्यांनी तिला एकमेकांकडे टोलवलं नसतं तर कदाचित झाला असता. हे मला अजून सलतं.

आता लोक मला लग्नकार्यात गाठतात. शिकलेले असतात, गाडीवाले असतात. म्हणतात, "साळवे बाई, खरं सांगा, त्या कलमाचा किती गैरवापर झाला? कितीतरी केसेस सुटतात." मी म्हणते, खोटी फिर्याद करणारी बाई मीही पाहिली आहे, तिला हाकललंही आहे. चोरीच्या खोट्या फिर्यादी तर रोज यायच्या. पण म्हणून चोरीचं कलम काढा असं म्हणणारा मला एकही भेटला नाही. केसेस सुटतात, कारण अख्खी टोळी झोपलेली असते. टोळीनं डोळे मिटले म्हणून हाड मोडलेलं नव्हतं, असं होत नाही. यावर ते "तसं नाही हो" म्हणून जिलेबी घ्यायला जातात. जाऊ देत.

निकालाच्या वर्षीची गोष्ट. दसरा होऊन गेला होता आणि मी तिसगावच्या रस्त्यावर नाकाबंदीला होते. ऊसतोडीचे ट्रक चालले होते, वर बोचकी, शेळ्या, पोरं, भांडी आणि सगळ्यावर बसलेली माणसं. एक ट्रक थांबवला तर पुढून रंगनाथ मुकादम उतरला. मला बघून त्यानं दोन्ही हात जोडले, जरा जास्तच वर. पावत्या-परवाने बघून झाले, तोवर तो मागं जाऊन टोळी मोजत होता. जोडपी पुकारायचा आणि बोटावर कोयते धरायचा. एकेक जण वरून "हाय" म्हणायचा.

"हौसा, द्वारका," तो म्हणाला. "दोन अर्धे."

"ओ मुकादम!" ट्रकच्या वरून आवाज आला. बोचक्यांच्या मागून द्वारका उभी राहिली, हौसाच्या खांद्याला धरून. "तोडनार ही, बांधनार मी. गाडी दोघी भरनार. मंग दोन अर्धे कसे? एक कोयता म्हन."

"बाया-बायांचा कोयता आस्तोय व्हय कुठं?" मुकादम म्हणाला. टोळी हसली.

द्वारका हसली नाही. तिनं तो वाकडा हात वर केला आणि तसाच धरून ठेवला. हौसाही शेजारी उभी राहिली. मागं गाड्यांची रांग लागली, हॉर्न वाजायला लागले. मी ट्रकच्या पुढं आडवी उभी होते, तिथून हलले नाही एवढंच.

रंगनाथानं वर बघितलं. मग माझ्याकडे बघितलं. 

"बरं बाबा," तो म्हणाला. मग एक बोट धरून, सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाला, "हौसा-द्वारका. एक कोयता."

"हाय," दोघी वरून ओरडल्या.

मी बाजूला झाले आणि गाडी सोडली.